पहिलं पिस्तूल घेताय? बजेटमधलं पण 'सगळं असलेलं' सेमी-ऑटो कसं निवडायचं

"बजेटमधलं चांगलं पिस्तूल सांग ना, ज्यात सगळं असेल" असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, सगळं म्हणजे काय रे? कारण माझं पहिलं पिस्तूल मी अशीच फीचर्सची यादी बघून घेतलं होतं. लाइट लावायला रेल होती, दोन्ही बाजूंनी चालणारी सेफ्टी होती, तीन ठिपक्यांच्या साइट्स (नेम धरायच्या खुणा), मुठीची मागची पट्टी बदलता येत होती आणि वर भावही उतरलेला. बॉक्समध्ये मॅगझिन (मुठीत बसणारी गोळ्यांची डबी) मात्र एकच निघालं, म्हटलं घेऊ नंतर. नंतर कळलं की ते मॉडेलच बंद झालंय, म्हणून तर भाव उतरला होता, आणि दुसरं मॅगझिन मिळेपर्यंत आठ महिने गेले. आठ महिने मी रेंजवर एकाच मॅगझिनमध्ये गोळ्या भरत बसलो, बाकीचे मजेत नेमबाजी करत होते.

तर हा लेख अगदी नवीन लोकांसाठी आहे. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, मग वरची स्लाइड मागे जाऊन रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढे येताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या जागेत, ढकलते. पुढच्या गोळीसाठी चाप परत सोडून परत ओढायचा. इतकं कळलं तरी पुढचं सगळं समजेल.

पायरी शून्य: लायसन्स

हे आधी, बाकी सगळं नंतर. आणि लायसन्स फक्त "मिळालं" एवढं पुरत नाही, त्यात काय लिहिलंय ते नीट वाचा. कुठलं कॅलिबर (काडतुसाचं माप) चालतं, मॅगझिनमध्ये किती गोळ्यांची परवानगी आहे, वर्षाला काडतुसं किती घेता येतात, घरी कसं ठेवायचं, हे प्रत्येक देशात वेगळं असतं. लष्कर वापरतं ते कॅलिबर सामान्य माणसाला बंद असं बऱ्याच ठिकाणी असतं, इटलीमध्ये याच भानगडीमुळे वर्षानुवर्षं ९×१९ ऐवजी ९×२१ चालायचं, पुंगळी दोन मिलिमीटर लांब केली आणि कायद्यातून वाट काढली. त्यामुळे परदेशातला व्हिडिओ बघून एखाद्या मॉडेलच्या प्रेमात पडायच्या आधी ते आपल्याकडे घेता तरी येतं का ते बघा. कागद नसलेलं "स्वस्त" कोणी दाखवलं तर तिथून उठून निघून यायचं, त्यावर चर्चासुद्धा नको.

पायरी एक: नक्की कशासाठी हवंय

रेंजवर शिकायला, स्पर्धेला, घरात ठेवायला की अंगावर बाळगायला? बहुतेक नवीन माणसं म्हणतात "सगळ्यासाठी", आणि तसं असेल तर मधला साइज घ्या, ज्याला कॉम्पॅक्ट म्हणतात. बॅरल म्हणजे नळी साधारण १०० मिलिमीटर, मॅगझिनमध्ये १५ च्या आसपास गोळ्या. ग्लॉक १९ हे या साइजचं सगळ्यांना माहीत असलेलं माप, त्याचं बॅरल १०२ मिमी, आणि त्याच्या मोठ्या भावाचं म्हणजे ग्लॉक १७ चं ११४ मिमी.

अगदी छोटी पिस्तुलं बघायला गोड वाटतात. २०१८ मध्ये सिगचं पी३६५ आलं आणि एवढ्याशा मुठीत १० गोळ्या बसवल्या त्यांनी, तेव्हापासून सगळे त्याच मागे लागलेत. पण हलकं पिस्तूल म्हणजे हाताला जास्त झटका, आणि पुढची-मागची साइट जवळ असल्यामुळे नेमातली छोटी चूकसुद्धा टार्गेटवर मोठी होऊन दिसते. शिकायला ते घेऊ नका. दुसरं म्हणून घ्या हवं तर.

पायरी दोन: कॅलिबर

जिथे कायद्याने मिळतं तिथे ९ मिमी, म्हणजे ९×१९ पॅराबेलम. १९०२ सालचं डिझाइन आहे, पिस्तुलांत जगभर सगळ्यात जास्त चालतं म्हणून काडतूस स्वस्त पडतं, झटका आवरता येतो. गोळीचं वजन ११५, १२४ किंवा १४७ ग्रेन असतं, म्हणजे ढोबळ साडेसात, आठ आणि साडेनऊ ग्रॅम. प्रॅक्टिसला ११५ किंवा १२४ पुरे.

.४० आणि .४५ कॅलिबर वाईट नाहीत, पण प्रत्येक गोळीमागे जास्त पैसे जातात आणि नवीन माणूस दणक्याच्या धास्तीने चाप ओढायच्या आधीच हात दाबून खाली झुकवतो. ती सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही. .३८० चं छोटं पिस्तूल "हलकं काडतूस आहे, सोपं जाईल" म्हणून घेणारे बरेच असतात, तिथे एक गोम आहे. यातली बरीच पिस्तुलं ब्लोबॅक पद्धतीची, म्हणजे बॅरल आणि स्लाइड एकमेकांत लॉक होत नाहीत, स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगच सगळा जोर अडवतात, त्यामुळे स्प्रिंग कडक असते, स्लाइड ओढायला जड जाते आणि झटकाही टोकदार लागतो. कागदावर कमी ताकदीचं, हातात मात्र त्रासदायक.

खरं सांगायचं तर ज्यांना फक्त शिकायचंय आणि लायसन्सवर एकच पिस्तूल घ्यायचं बंधन नाही, त्यांनी .२२ चा, म्हणजे बारीक काडतुसाच्या पिस्तुलाचा, विचार करावा. रुगरची मार्क मालिका १९४९ पासून चालू आहे, आणि २०१६ च्या मार्क ४ मध्ये एका बटणात उघडायची सोय आली, त्याआधीचं पिस्तूल खोलून परत जोडताना भल्याभल्यांना घाम फुटायचा. टॉरसचं टीएक्स२२ हे नेहमीच्या पिस्तुलासारखंच दिसणारं, १६ गोळ्यांचं.

पायरी तीन: हातात धरून बघा, आणि हीच पायरी लोक गाळतात

दुकानदाराला सांगायचं मॅगझिन काढ, स्लाइड मागे लॉक कर आणि मग दे. तो "रिकामं आहे हो" म्हणाला तरी आपण स्वतः चेंबरमध्ये बघायचं, बोट घालून बघायचं. कोणी रागावत नाही, उलट न बघणाऱ्याकडे लोक जरा वेगळ्या नजरेने बघतात. चार नियम पाठच करून टाका: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची, जिथे गोळी गेलेली चालणार नाही तिथे तोंड वळवायचं नाही, नेम धरल्याशिवाय बोट चापावर नाही, आणि टार्गेट काय आहे व त्याच्या मागे काय आहे ते माहीत हवं.

आता मूठ. अंगठा आणि पहिल्या बोटामधली बेचकी पिस्तुलाच्या मागच्या बाजूला जितकी वर जाईल तितकी वर. मनगटाच्या सरळ रेषेत बॅरल आलं पाहिजे. मग, तोंड सुरक्षित दिशेला ठेवून, पहिलं बोट चापावर न्या. बोटाच्या टोकाची गादी चापाच्या मधोमध आली तर बसलं. बोट तिरकं करून कसंबसं पोचत असेल किंवा पहिल्या पेरापर्यंत आत जात असेल तर ते पिस्तूल तुमच्यासाठी नाही, कितीही फीचर्स असू देत. मागची पट्टी बदलता येत असेल तर लहान-मोठी लावून बघा, दोन-तीन मिलिमीटरचा फरकसुद्धा पुष्कळ असतो.

अजून एक, डोळे मिटायचे, पिस्तूल समोर उचलायचं, डोळे उघडायचे. साइट्स साधारण रांगेत दिसल्या तर मूठ तुमच्या हाताची. तोंड आकाशाकडे किंवा जमिनीकडे गेलेलं असेल तर दरवेळी मनगट वाकवत बसावं लागेल.

स्लाइड ओढून बघा. जड वाटली तर चिमटीत धरून ओढत बसू नका, डाव्या तळव्याने स्लाइड घट्ट धरायची आणि उजव्या हाताने फ्रेम (मुठीसकटचा खालचा भाग) पुढे ढकलायची, निम्म्या लोकांची तक्रार इथेच संपते. सीझेड ७५ आणि त्याच्या घराण्यातल्या पिस्तुलांत स्लाइड फ्रेमच्या आतल्या बाजूने सरकते, म्हणून धरायला स्लाइडचा भाग कमी मिळतो, हात घामट असतील तर हे आधीच बघून ठेवा.

पायरी चार: चाप

स्वस्त पिस्तुलात कंपनी पैसे कुठे वाचवते? बऱ्याचदा इथे. फोटोत चाप दिसत नाही ना, म्हणून.

ढोबळ तीन प्रकार. एक, स्ट्रायकरवाली, बाहेर घोडा (मागून ठोका देणारा तुकडा) दिसत नाही, प्रत्येक वेळी चाप सारखाच लागतो, साधारण अडीच किलोच्या आसपास. ऑस्ट्रियाच्या लष्कराने १९८२ मध्ये ग्लॉक १७ घेतलं तेव्हापासून या प्रकाराचा जमाना आहे. (प्लॅस्टिक फ्रेमसुद्धा ग्लॉकनेच आणली असं लोक ठोकून देतात, जर्मन व्हीपी७० त्याच्या बारा वर्षं आधी, १९७० मध्ये आलं होतं.) दोन, डबल-सिंगल, म्हणजे पहिली गोळी लांब आणि जड चापाने, घोडा चाप ओढताना स्वतःच मागे जातो, पुढच्या गोळ्या हलक्या चापाने. बेरेटा ९२, सीझेड ७५ ही यातली. तीन, फक्त सिंगल, १९११ नावाच्या जुन्या अमेरिकन पिस्तुलासारखं, घोडा आधी मागे हवाच.

नवीन माणसाला स्ट्रायकर सोपं, कारण एकच चाप शिकायचा असतो. डबल-सिंगलमध्ये पहिली गोळी खाली आणि दुसरी वर असं सुरुवातीला होणारच. दुकानात बघायचं ते हे: चाप कुठे अडकतो का, वाळूवरून घासल्यासारखा लागतो का, आणि सोडताना "टिक" कुठे होते. ती टिक म्हणजे रिसेट. जवळ आणि स्पष्ट असेल तर बोट पूर्ण सोडायची गरज नाही. (कोरडा चाप ओढायच्या आधी विचारा, आणि .२२ वर तर शक्यतो नकोच, बऱ्याच मॉडेलमध्ये फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सळई) चेंबरच्या कडेवर आपटते.)

पायरी पाच: 'फुल फीचर' म्हणजे काय असावं

पहिलं, पडल्यावर गोळी सुटू नये यासाठी आतली सेफ्टी, म्हणजे फायरिंग पिन ब्लॉक. दिसत नाही पण हीच खरी. २०१७ मध्ये सिग पी३२० विशिष्ट कोनात पडलं तर गोळी सुटू शकते असं चाचण्यांमध्ये दिसलं आणि कंपनीने ग्राहकांना ऐच्छिक अपग्रेड दिलं, म्हणजे हे महागातल्यालाही होतं. म्हणून कुठलंही मॉडेल घ्या, सिरीयल नंबर कंपनीच्या रिकॉलच्या यादीत एकदा टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरं, शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे अडकून राहिली पाहिजे. तिसरं, धातूच्या साइट्स आणि त्या खाचेत बसवलेल्या, म्हणजे नंतर बदलता येतील. स्वस्तातल्या बऱ्याच पिस्तुलांवर प्लॅस्टिकच्या साइट्स असतात, सुरुवातीला चालतात, पण खाच कंपनीची स्वतःची विचित्र मापाची असेल तर बदलायला काही मिळतच नाही. चौथं, खाली रेल. पाचवं, डावखुऱ्यांसाठी मॅगझिनचं बटण दुसऱ्या बाजूला लावता येणं, उजव्या हाताच्या माणसाने यासाठी पैसे वाढवायची गरज नाही.

रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट) बसवायला स्लाइडवर कापलेली जागा हल्ली बजेट पिस्तुलांतही येते. असेल तर उत्तम, पण कुठल्या मापाचा कट आहे ते विचारा, आरएमआर आणि आरएमएससी ही दोन मापं जास्त चालतात, त्यात बसणारे डॉट सहज मिळतात. डॉट स्वतः मात्र पिस्तुलाच्या किमतीच्या आसपास जाऊ शकतो, हे आधी लक्षात घ्या.

बाहेरची हाताने लावायची सेफ्टी असावी की नसावी यावर लोक रात्र रात्र भांडतात. माझं मत: घेतली तर दरवेळी वापरायची सवय करा, अर्धवट सवयीपेक्षा नसलेली बरी. स्लाइडला खिडक्या, सोनेरी बॅरल, पुढे आटे पाडलेलं टोक हे सगळं दागिन्यांत जमा. त्या पैशात काडतुसं घ्या.

पायरी सहा: मॅगझिन, माझं दुखणं

पिस्तूल पसंत पडलं की भाव विचारायच्या आधी विचारा, बॉक्समध्ये किती मॅगझिन आणि सुटं मिळतं का, आत्ता, इथे, कपाटात. "मागवून देतो" याला नाही समजायचं. किमान तीन हवीत. सेमी-ऑटोच्या अडचणींपैकी मोठा वाटा मॅगझिनचा असतो, वरचे ओठ जरा वाकले की काडतूस तिरकं चढतं, स्प्रिंग थकली की शेवटच्या दोन गोळ्या अडकतात. दोन-तीन असली की कुठलं बिघडलंय ते लगेच कळतं, म्हणून प्रत्येकावर मार्करने नंबर टाका. इटलीची मेक-गार कंपनी कितीतरी ब्रँडसाठी मॅगझिन बनवते, तुमच्या मॉडेलचं त्यांच्याकडे असेल तर निम्मी काळजी मिटली.

पायरी सात: मग नावं

आता येऊया ज्यासाठी तुम्ही इथवर वाचत आलात तिथे. टॉरस ही ब्राझीलची. बेरेटाचा साओ पावलोतला कारखाना त्यांनी १९८० मध्ये विकत घेतला, म्हणून त्यांचं पीटी९२ हे बेरेटा ९२ चंच भावंड आहे, सेफ्टी तेवढी स्लाइडऐवजी फ्रेमवर. आत्ताच्या बजेटवाल्यांसाठी जी३ आणि त्याचं छोटं जी३सी. यात काडतूस फुटलं नाही तर चाप परत ओढून परत ठोका देता येतो, स्ट्रायकरमध्ये हे कमी सापडतं. चाप लांब आहे, सवय होते.

तुर्कस्तानची कॅनिक म्हणजे चापासाठी नाव मिळवलेली, त्यांची टीपी९ मालिका वॉल्थर पी९९ च्या वंशातली, आणि बॉक्समध्ये बऱ्याचदा होल्स्टरपासून सगळं देतात. तिथल्याच गिरसान आणि टिसास कंपन्या बेरेटा, १९११ वगैरेंच्या धर्तीवर बनवतात. रुगर सिक्युरिटी-९ मध्ये घोडा आहे पण आत लपलेला, १५ गोळ्या, झटका मऊ. स्मिथ अँड वेसनची एसडी मालिका जुन्या वळणाची, चाप जड. थोडं बजेट ताणलं तर सीझेड पी-१० सी, माझ्या मते या साइजमध्ये पैसे सगळ्यात वसूल होतात ते इथे. हाय-पॉइंट सगळ्यात स्वस्त आणि टिकतंही, पण ९ मिमीमध्ये ब्लोबॅक असल्यामुळे स्लाइड विटेसारखी जड आणि मॅगझिनमध्ये गोळ्याही कमी, त्याला फुल फीचर कोणी म्हणणार नाही.

जुनं घेणार असाल तर

वाईट नाही, पोलिसांकडून बदलून आलेली पिस्तुलं बाहेरून खरवडलेली पण आतून कमी चाललेली असतात, रोज होल्स्टरमधून आत-बाहेर होतात, गोळ्या कमी सुटतात. बॅरल सुटं काढून उजेडाकडे धरा. आतले पीळ स्पष्ट हवेत, कुठे अंगठीसारखी काळी रेघ दिसली तर बॅरल फुगलेलं आहे, सोडून द्या. एक्स्ट्रॅक्टरचा (पुंगळी ओढून काढणारा) आकडा तुटलेला नाही ना, फ्रेमच्या रुळांना चीर नाही ना ते बघा. रिकामं पिस्तूल आहे याची परत खात्री करून चाप ओढा आणि दाबूनच ठेवा, स्लाइड मागे ओढून सोडा, मग चाप हळू सोडा, टिक ऐकू आली आणि परत ओढल्यावर ठोका पडला तर यंत्रणा ठीक. सेफ्टी लावून ओढलं तर काहीच व्हायला नको. रिकॉइल स्प्रिंग कितीही चांगली वाटली तरी नवीन टाका, स्वस्त असते.

पैशांची वाटणी

तुमच्या बजेटचे दहा भाग करा. पिस्तुलाला पाच, फार तर सहा. उरलेल्यात मॅगझिन, कुलपाची पेटी, कानाचं आणि डोळ्यांचं संरक्षण, साफसफाईचं किट, काडतुसं आणि दोन-चार तास कोचचे. ९ मिमीचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास जातो, एका दिवसात कान कायमचा बिघडू शकतो, तिथे काटकसर नको. पेटी अशी हवी की घरातलं मूल कितीही हुशार असो उघडता येणार नाही, आणि काडतुसं वेगळी, वेगळ्या किल्लीत.

घरी आणल्यावर

कारखान्यातून येताना आत जे चिकट ग्रीस असतं ते बऱ्याचदा गंज लागू नये म्हणून, वंगण म्हणून नाही. पुसून काढा, मॅन्युअलमध्ये दाखवलंय तिथेच एकेक थेंब तेल. मग पहिल्या २०० ते ३०० गोळ्या एकाच प्रकारच्या, सगळी मॅगझिन आलटून पालटून वापरत. पहिल्या पन्नासात एक-दोनदा अडकलं तर घाबरू नका, बऱ्याचदा मनगट सैल असतं म्हणून स्लाइडला पूर्ण मागे जायला आधार मिळत नाही आणि पुंगळी उभीच अडकते. दुसऱ्याला, अनुभवी माणसाला पाच गोळ्या मारायला द्या, त्याच्या हातात नीट चाललं तर दोष आपला. त्याच्याही हातात अडकलं तर मॅगझिन बदला, तरीही तेच तर काडतूस बदला, आणि मगच पिस्तूल दुरुस्तीला.

चाप ओढला आणि काहीच झालं नाही तर तोंड टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबायचं, कधीकधी उशिरा फुटतं. आणि आवाज नुसताच "फुस्" आला, झटका लागला नाही, तर लगेच थांबा, पुढची गोळी अजिबात नाही. आधीची गोळी बॅरलमध्येच अडकलेली असू शकते आणि मागून दुसरी आली तर बॅरल फाटतं. रेंजवरून आलात की काही खायच्या आधी गार पाण्याने हात धुवा, शिसं असतं.

मी पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलाय, त्यावर तारीख, किती गोळ्या, कुठल्या नंबरचं मॅगझिन आणि काय अडकलं ते लिहितो. रिकॉइल स्प्रिंग कधी बदलायची ते त्यावरूनच कळतं, आणि दोन नंबरचं मॅगझिन खराब आहे हेही त्यावरूनच कळलं, नाहीतर मी पिस्तूलच विकायला निघालो होतो.